रुग्णाला उठवण्याचा अधिकार नर्सला द्या

आयसीयूच्या दाराच्या काचेतून डोळे मिटून निपचित पडलेला रुग्ण दिसला, की बाहेर बसलेल्या नातेवाइकांना थोडा धीर येतो. निदान आराम तरी मिळतोय, असे वाटते. असा रुग्ण खरे तर सगळ्यांनाच सोयीचा असतो. तो नळ्या ओढत नाही, व्हेंटिलेटरशी झगडत नाही, रात्रपाळीला कुणाला हाका मारत नाही. या सोयीची किंमत मात्र त्याचे शरीर मोजत असते. लंडनमधल्या संशोधकांनी ६३ अत्यवस्थ रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने पुन्हा पुन्हा मोजला आणि २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या दहा दिवसांत स्नायूची जाडी-रुंदी सुमारे १८ टक्क्यांनी घटली होती; ज्यांचे एकाहून अधिक अवयव निकामी झाले होते, त्यांची झीज याहूनही जास्त होती. त्याच्या दहा वर्षे आधी टोरांटोच्या डॉक्टरांनी, फुप्फुसे अचानक निकामी होण्याच्या आजारातून वाचलेल्या १०९ जणांचा वर्षभर पाठपुरावा केला होता. ही बहुतेक पंचेचाळिशीच्या आगेमागची, कमावती माणसे. वर्षअखेरीस त्यांची फुप्फुसे बरीचशी सावरली होती, हातपाय सावरले नव्हते, आणि कामावर परतलेले जेमतेम निम्मे होते. कोविडनंतर महाराष्ट्रातल्या असंख्य घरांनीही हेच पाहिले. ऑक्सिजन सुटला, माणूस घरी आला, पण मोरीपर्यंत जायला भिंतीचा आधार लागला.

ही सगळी झीज नुसत्या पडून राहण्याने होते असे कुणी म्हणणार नाही. जंतुसंसर्ग, शरीरभर पसरलेली सूज, अपुरे पोषण, काही औषधे असे सगळे मिळून स्नायू खातात. पण यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या हातात नसतात. हालचाल थोडीफार असते. म्हणून प्रकृती जरा स्थिरावताच, व्हेंटिलेटर सुटायची वाट न पाहता, रुग्णाला टेकून बसवणे, पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवणे, उभे करणे, खुर्चीत हलवणे आणि जमल्यास चार पावले चालवणे हा आता जगभर अतिदक्षता उपचारांचा भाग मानला जातो. अमेरिकेतल्या अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही त्याची शिफारस आहे. आपल्याकडे हे कुणाला ठाऊक नाही असे नाही. प्रश्न ते कुणाचे काम आहे हा आहे. माझ्या मते ते नर्सचे काम आहे, आणि ते तिला करता यावे यासाठी तिला लेखी अधिकार व मोजून दिलेला वेळ हवा. सध्या तिच्याकडे या दोन्हींपैकी काहीच नसते.

आजाऱ्याने पडून राहावे ही समजूत वैद्यकशास्त्राने एकेका विभागातून मोठ्या नाखुशीने सोडली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला चार-सहा आठवडे सक्तीने आडवे ठेवत. बोस्टनमध्ये सॅम्युअल लेव्हाइन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाऊन यांनी अशा रुग्णांना सुरुवातीच्या दिवसांतच आरामखुर्चीत बसवायला घेतले आणि १९५२ मध्ये त्याचा अहवाल छापला. लाऊन यांनी पुढे लिहून ठेवले आहे, की सुरुवातीला त्यांच्याच रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांना हा रुग्णाच्या जिवाशी चाललेला खेळ वाटला होता. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून दिवसेंदिवस निजवून ठेवत, तेही याच समजुतीतून. आज मोतीबिंदूवाला संध्याकाळी घरी असतो आणि सिझेरियन झालेली बाई दुसऱ्या दिवशी वॉर्डात चालताना दिसते. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १५ वेगवेगळ्या आजारांत सक्तीच्या विश्रांतीची परीक्षा घेणाऱ्या ३९ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा एकीतही विश्रांतीने ठळक फायदा झाल्याचे आढळले नाही. काहींत नुकसानच दिसले. आयसीयू हा या समजुतीचा शेवटचा गड राहिला, आणि त्याला कारण होते. इथला रुग्ण खरोखरच मरणाच्या दारात असतो, त्याच्या तोंडात नळी असते, आणि ती नळी सोसावी म्हणून त्याला गुंगीत ठेवलेले असते.

या गुंगीपाशीच सारे अडते. शिकागोच्या डॉक्टरांनी २००० साली १२८ रुग्णांवर केलेला प्रयोग साधा होता: गुंगीचे औषध रोज एकदा थांबवायचे, रुग्णाला जागा होऊ द्यायचे, गरज असेल तर पुन्हा सुरू करायचे. एवढ्याने व्हेंटिलेटरवरचा काळ सुमारे सव्वासात दिवसांवरून पाच दिवसांच्या आत आला. मग त्याच शहरातून आणि आयोवातून २००९ मध्ये पुढचा प्रयोग प्रसिद्ध झाला. १०४ रुग्णांपैकी निम्म्यांना, रोजच्या या जागे होण्याच्या वेळेतच, व्हेंटिलेटर चालू असताना व्यायाम आणि हालचाल दिली गेली. रुग्णालयातून घरी जाताना स्वतःचे स्वतः करू शकणारे त्या गटात ५९ टक्के होते, दुसऱ्या गटात ३५. भ्रमात, बरळण्यात गेलेले दिवसही निम्मे झाले, चारांवरून दोनांवर. शिकागोतलाच २०० रुग्णांचा आणखी एक प्रयोग २०२३ मध्ये आला. त्यात वर्षानंतर स्मरण आणि विचारशक्ती मंदावलेल्यांचे प्रमाण ४३ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर उतरलेले दिसले. अंथरुणातून उठवल्याचा फायदा पायांपुरताच नसावा, असे हा आकडा सुचवतो.

या प्रयोगांत रुग्णांना हलवणारे मुख्यतः फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट होते, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मग नर्सचे नाव कुठून आले? एक तर इतिहासातून. सॉल्ट लेक सिटीच्या एका रुग्णालयाने २००७ मध्ये जो अहवाल छापला, त्याने या विषयाला खरी चालना दिली, आणि त्याची पहिली लेखिका पॉली बेली ही नर्स होती. श्वसन निकामी झालेल्या १०३ रुग्णांना तिथे बसवण्या-चालवण्याच्या १,४४९ खेपा झाल्या. त्यांतल्या कित्येक तोंडात नळी असताना झाल्या. अडचणीच्या घटना एक टक्क्याहून कमी, आणि हालचालीत श्वासाची नळी निघाली असे एकदाही घडले नाही. दुसरे म्हणजे, कामाच्या स्वरूपातून. रुग्ण उठण्यालायक आहे की नाही हे ठरते गुंगी किती खोल आहे, रक्तदाबाचे औषध किती धारेने चालले आहे, पहाटे ताप होता का, रात्री झोप लागली का, वेदनाशामक कधी दिले यांवरून. हे सारे ज्या एका माणसाला आठही तास माहीत असते ती म्हणजे पाळीवरची नर्स. फिजिओथेरपिस्ट दिवसातून एकदा, फार तर दोनदा येतो. तो येतो तेव्हा रुग्ण सीटी स्कॅनला गेलेला असतो, नाहीतर नुकतेच गुंगीचे औषध वाढवलेले असते. लहान शहरांतल्या कित्येक खासगी आयसीयूंत तो बाहेरून बोलावल्यावर येणारा असतो. त्याच्या कौशल्याला पर्याय नाही. पण रोज सकाळी गुंगी उतरवून, नळ्या-सलाइन मोकळ्या करून, वेदना दाबून रुग्णाला त्याच्यासाठी तयार ठेवणारे कुणी नसेल, तर त्या कौशल्याचे करायचे काय? उत्तर कॅरोलिनातल्या एका रुग्णालयात २००८ च्या अभ्यासात एक नर्स, एक मदतनीस आणि एक फिजिओथेरपिस्ट अशी तिघांची तुकडी केली होती. सामान्य पद्धतीत वाचलेले रुग्ण पहिल्यांदा पलंगाबाहेर आले ते अकराव्या दिवसाच्या सुमारास, तुकडीच्या हाताखालचे पाचव्या. रुग्णालयातला मुक्काम साडेचौदा दिवसांवरून अकरांवर आला, आणि तुकडीचा पगार धरूनही खर्च वाढला नाही. रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, त्यामुळे या आकड्यांवर सगळा भार टाकता येत नाही, हे खरे. पण तो मदतनीस लक्षात ठेवावा. आपल्याकडे तो वॉर्डबॉय आणि मावशींच्या रूपाने आधीच हजर आहे; फक्त त्याला या कामाचे शिक्षण कुणी दिलेले नाही.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने सहा देशांतल्या ४९ रुग्णालयांत ७५० रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ च्या अखेरीस आले आणि उत्साहावर पाणी पडले. एका गटाला जोरकस, लवकर हालचाल दिली, दुसऱ्याला त्या त्या रुग्णालयाची नेहमीची. १८० दिवसांपैकी जिवंत आणि रुग्णालयाबाहेर घालवलेले दिवस पहिल्या गटात १४३, दुसऱ्यात १४५. म्हणजे फायदा शून्य. उलट हृदयाचे ठोके बिघडणे, ऑक्सिजन घसरणे, रक्तदाब हलणे असे प्रकार पहिल्या गटात ९ टक्क्यांहून अधिक रुग्णांत झाले, दुसऱ्यात ४ टक्क्यांत. आपल्याकडचे काही वरिष्ठ डॉक्टर या चाचणीकडे बोट दाखवून म्हणतात, बघा, आम्ही म्हणतच होतो. पण चाचणी नीट वाचली तर ती त्यांच्या बाजूची नाही. तिथला ‘नेहमीचा’ गट पडून नव्हता. त्यालाही गुंगी कमी ठेवली जात होती आणि रोज सरासरी नऊएक मिनिटे हालचाल मिळत होती. जोरकस गटाला एकवीसएक मिनिटे मिळाली. तेव्हा सिद्ध झाले ते एवढेच, की नऊ मिनिटे मिळणाऱ्याला रेटून एकवीस दिली तर जास्तीचे काही मिळत नाही आणि धोका वाढतो. ज्याला शून्य मिनिटे मिळतात, त्याच्याविषयी ही चाचणी काही सांगत नाही. आणि आपल्या आयसीयूंतला मोठा प्रश्न त्या शून्याचा आहे.

पक्षाघाताच्या रुग्णांवरची एक चाचणी इथे आणखी काही शिकवते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या त्या चाचणीत पहिल्या चोवीस तासांतच जोमाने उठवलेल्यांचे निकाल नेहमीच्या पद्धतीपेक्षा किंचित वाईट लागले. पण पुढच्या वर्षी त्याच माहितीची फोड केल्यावर दिसले, की एकूण वेळ जास्त दिल्याने बिघडते, तर थोडे थोडे पण अधिक वेळा उठवल्याने सुधारण्याची शक्यता वाढते. पक्षाघाताचा रुग्ण आणि व्हेंटिलेटरवरचा रुग्ण एक नव्हेत, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येणार नाही. तरीही दोन्ही चाचण्या एकाच बाजूला झुकतात असे मला वाटते. लागणारी मात्रा मोठी नाही, ती वारंवार हवी आहे. आणि दिवसातून एकदा येणाऱ्या तज्ज्ञाला वारंवारता देता येत नाही. स्पंजिंग करताना, चादर बदलताना, जेवणाच्या वेळी, संध्याकाळी नातेवाईक भेटायला आले असताना पाच-पाच मिनिटे बसवणे हे ज्याला जमते, तो माणूस पलंगापाशीच असतो. हालचालीच्या विरोधात म्हणून पुढे केला जाणारा पुरावाच ते काम नर्सकडे सोपवा असे सांगतो.

धोक्याचे काय? तो आहे. २०१७ मध्ये ४८ अभ्यासांतल्या बावीस हजारांहून अधिक खेपांची एकत्र मोजदाद झाली, त्यात सुमारे अडीच टक्के खेपांत काही ना काही अडचण आली. बहुतेक अडचणी थांबून, पुन्हा आडवे करून निभावल्या. कोणाला उठवावे आणि कोणाला नाही हे अंदाजाने ठरवायचे नसते. २०१४ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने सिग्नलच्या दिव्यांसारखी लाल, पिवळी, हिरवी अशी खूणपद्धत आखून दिली. व्हेंटिलेटरमधून द्यावा लागणारा ऑक्सिजन साठ टक्क्यांच्या वर असेल, रक्तातला ऑक्सिजन नव्वदच्या खाली जात असेल, रक्तदाब औषधांच्या मोठ्या धारेवर तगून असेल, तर थांबा आणि विचारा. हे आकडे नर्स तासातासाला चार्टवर स्वतःच्या हाताने लिहीत असते. तेव्हा तिला निर्णय घेता येणार नाही हे म्हणणे पटत नाही. तिला तो घेऊ दिला जात नाही, एवढेच. अतिदक्षता क्षेत्रातल्या प्रगत नर्सिंगसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने आखला आहे. इतके शिकलेल्या माणसाला रुग्णाला टेकून बसवायचे की नाही हे विचारायला राउंडची वाट पाहावी लागावी, हे हास्यास्पद आहे.

आपल्याकडच्या धोक्याला मात्र आणखी एक पदर आहे, जो शिकागोत नाही. रुग्ण पडला, नळी सुटली, आणि नेमका त्या रात्री दगावला, तर काचा फुटतात. २०१० मध्ये राज्याने डॉक्टर-नर्सवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा केला; हल्ले थांबले नाहीत. अशा वेळी ‘त्या सिस्टरनं उठवलं म्हणून गेला’ हे वाक्य कुणाच्या डोक्यावर फुटणार हे प्रत्येक नर्सला माहीत असते. न उठवल्याबद्दल तिला कुणी जाब विचारत नाही. पडून राहिल्याने झालेली हानी महिनोनमहिने घरात, कुणाच्या नावावर न लागता, सोसली जाते. म्हणूनच मी तोंडी उत्तेजनाऐवजी लेखी अधिकार म्हणतो. रुग्णालयाने, आयसीयू प्रमुखांच्या सहीने, निकष ठरवून द्यावेत. त्या निकषांत बसणाऱ्या रुग्णाला नर्सने वेगळा आदेश न घेता उठवावे. आणि निकष पाळूनही काही वावगे झाले तर जबाबदारी संस्थेची राहावी. दाखल होतानाच नातेवाइकांना हे समजावून सांगून त्यांची सही घ्यावी. शस्त्रक्रियेची घेतोच ना?

राहिला मनुष्यबळाचा आक्षेप, आणि त्याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. आयसीयूत एका रुग्णामागे एक नर्स हे आपल्याच परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. प्रत्यक्षात एका नर्सकडे दोन-तीन व्हेंटिलेटर असणे ही नित्याची गोष्ट आहे. सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिका २०२२ च्या मे महिन्यात संपावर गेल्या, तेव्हा त्यांचा मुख्य विरोध बाह्य कंत्राटदारामार्फत भरती करण्याला होता. कंत्राटावर आलेली, सहा महिन्यांत जाणारी मुलगी व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला उभे करण्याचे धाडस आणि कसब कुठून कमावणार? एका व्हेंटिलेटरवरच्या माणसाला खुर्चीत हलवायला तीन-चार जोड हात लागतात. एक नळी सांभाळायला, दोघे आधाराला, एक मॉनिटरवर नजर ठेवायला. हे हात न देता ‘उद्यापासून सगळ्यांना उठवा’ असे परिपत्रक काढणे म्हणजे नर्सच्या कंबरेवर आणि रुग्णाच्या जिवावर उदार होणे आहे. अर्थात माणसे कमी म्हणून काहीच होत नाही, हेही खरे नाही. जर्मनीत एकाच दिवशी ११६ आयसीयूंची पाहणी झाली होती. तिथेही व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांपैकी पलंगाच्या कडेला बसण्यापर्यंत किंवा त्यापुढे पोहोचलेले २४ टक्केच होते, आणि तोंडात नळी असलेल्यांत तर ८ टक्के. जर्मन आयसीयू साधनांना महाग नाहीत. सवयीचा वाटा तिथेही मोठा होता.

सवय मोडायला फारसा पैसा लागत नाही. सकाळच्या राउंडला गुंगी कमी करता येईल का हे विचारायला, पलंगाचे डोके उचलायला, विनाकारण बांधलेले हात सोडायला, गरज संपलेला कॅथेटर काढायला नवीन पद मंजूर व्हावे लागत नाही. आणि आपल्याकडे एक बळ आहे जे युरोपात सहसा नसते: दाराबाहेर चोवीस तास बसलेले घरचे माणूस. त्याला दिवसातून दहा मिनिटे काचेतून दाखवणी करून पिटाळण्याऐवजी, हात धुऊन, गाऊन चढवून आत घ्यावे, आणि सिस्टरच्या देखरेखीखाली वडिलांचे मनगट, घोटा, गुडघा कसा हलवायचा हे शिकवावे. भ्रमात असलेल्या म्हाताऱ्याला ओळखीच्या आवाजाने जितके भान येते तितके औषधाने येत नाही, असे आयसीयूतल्या नर्सच सांगतात. मात्र घरचा माणूस हा नर्सचा पर्याय नव्हे. ‘नातेवाईक करतात ना’ म्हणून पदे रिकामी ठेवण्याची युक्ती आपल्या आरोग्य खात्याला सुचायला वेळ लागणार नाही, म्हणून हे आताच सांगितलेले बरे.

वैद्यकीय शिक्षण विभागाने आपल्या महाविद्यालयांच्या आयसीयूंपासून सुरुवात करावी. प्रत्येक चार्टवर दोन रकाने वाढवावेत: आज रुग्ण कुठवर उठला, आणि नसेल तर कशामुळे. महिन्याअखेरीस दुसऱ्या रकान्याची बेरीज अधिसेविकेने अधिष्ठात्यांपुढे ठेवावी. बीपी स्थिर नव्हते, शस्त्रक्रियेचा टाका ताजा होता, गुंगी उतरवली नाही, हात कमी पडले, यांतले कोणते उत्तर किती वेळा आले यावरून औषधाचे धोरण बदलायचे की भरती करायची ते ठरेल. खासगी रुग्णालये मानांकनासाठी ढीगभर रजिस्टरे ठेवतातच; त्यांत हे एक वाढल्याने काही बिघडत नाही.

आणि तुमचे कुणी आयसीयूत असेल, तर सकाळच्या भेटीत रिपोर्टांच्या आकड्यांबरोबर एवढेही विचारा: आज बसवलं का, आणि नसेल तर का नाही? ‘बीपी अजून पडतंय’ असे उत्तर आले तर ते मान्य करा आणि उद्या पुन्हा विचारा. ‘उठवायला माणसं नाहीत’ असे आले तर त्या सिस्टरवर आवाज चढवू नका. तक्रार लिहून रुग्णालयाच्या व्यवस्थापनाकडे द्या आणि तिची पोच घ्या.